रोज अग्रलेखातले वीस शब्द पाठ करून इंग्रजी येत नाही, वर्षभर करून बघितलंय

निफाडची लेक
काल एका अभ्यासाच्या ग्रुपवर पोस्ट फिरत होती. रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख घ्या, त्यातले वीस अवघड शब्द वहीत उतरवा, पाठ करा, सहा महिन्यात व्होकॅब पक्कं, मग एमपीएससी असो की बँक, काही अडणार नाही. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांब होईल.

मी हे पूर्ण एक वर्ष केलंय. नाशिकला कॉलेज रोडवर कॉट बेसिसवर राहायचे, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन द हिंदू उघडायचा आणि लाल पेनाने रेघा मारत सुटायचं. दोनशे पानी तीन वह्या भरल्या. डावीकडे शब्द, मधे मराठी अर्थ, उजवीकडे वाक्यासाठी जागा, आणि ती उजवीकडची जागा तिन्ही वह्यात कोरी. वहीत लिहिलेलं, सँक्शन म्हणजे मंजुरी. चूक नाहीच, कर्ज सँक्शन झालं असं आपण रोज म्हणतो. मग टेस्ट सिरीजमधे इराणवरच्या सँक्शन्सचा, म्हणजे निर्बंधांचा, उतारा आला आणि मी अख्खा उतारा इराणला कसली तरी मंजुरी मिळाली असं धरून सोडवला. पाचातले चार प्रश्न गेले. तो शब्द माझ्याकडून शंभर वेळा घोकून झालेला होता!

आणि खरी अडचण तर अवघड शब्दात नव्हतीच. 'हॅड द गव्हर्न्मेंट अ‍ॅक्टेड इन टाइम' अशी सुरुवात असलेलं वाक्य होतं. यात वहीत उतरवण्यासारखा एक तरी शब्द आहे का? नाही. मी ते 'सरकारने वेळेत पाऊल उचललं होतं' असं वाचलं. अर्थ आहे 'उचललं असतं तर', म्हणजे उचललंच नाही. एका वाक्यात लेखाचा अर्थ उलटा झाला आणि मला पत्ताच नाही, मी आपली पुढचा अवघड शब्द शोधतेय.

फरक पडला तो ऑगस्ट २०२३ मधे. कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, आपल्या नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद झाले, आणि एका इंग्रजी पेपरात त्यावर अग्रलेख आला. ग्लट (मालाची रेलचेल), लेव्ही (शुल्क), कर्ब (निर्बंध), पेरिशेबल (नाशवंत), बफर स्टॉक (राखीव साठा), एकही शब्द पाठ करावा लागला नाही, कारण हे सगळं आमच्या कांदा साठवायच्या चाळीत पडलेलं होतं. तो लेख मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत लिहून काढला, तीन तास लागले. त्या तीन तासांत जे आलं ते तीन वह्यांनी दिलं नव्हतं. म्हणून म्हणते, आठवड्याला दोनच अग्रलेख घ्या, ज्यातला विषय तुम्हाला माहितीये असे, आणि पूर्ण मराठीत उतरवा. याद्या बंद करा.

सिडको बँकवाला
ताई, तुमची वही चुकली म्हणून पद्धत चुकली असं होत नाही. मी अंबड एमआयडीसीत शिफ्ट करून आयबीपीएस पीओ, म्हणजे बँक अधिकाऱ्याची परीक्षा, काढलीये. प्रीलिमला इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटात, तिथे बसून मराठी करत बसलात तर उतारा संपायच्या आत वेळ संपतो. मी बसमधे येताजाता रोज एक अग्रलेख वाचायचो, विषय कुठला का असेना, चीन असो, आरबीआय असो. पहिले तीन महिने डोक्यावरून गेलं, चौथ्या महिन्यात डोळा आपोआप पळायला लागला. मेन्सचे उतारेही त्याच धाटणीचे असतात, अर्थकारण, धोरण, हवामान. ज्यातला विषय माहितीये तेच वाचायचं ठरवलं तर कांदा नि द्राक्षाच्या पुढे जाणारच नाही माणूस. आणि तीन तास? नोकरी करणाऱ्याने तीन तास आणायचे कुठून?

पंचवटी एसएससी
तुम्ही दोघं दोन वेगळ्या परीक्षांबद्दल भांडताय. एसएससी सीजीएल म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांची परीक्षा, दहावी नव्हे. तिच्या पहिल्या टप्प्यात, टियर १ मधे, इंग्रजीचे २५ प्रश्न ५० मार्कांना, चुकलं की अर्धा मार्क जातो. टियर २ मधे ४५ प्रश्न, ३९० पैकी १३५ मार्क त्याचेच. आणि विचारतात काय, वन वर्ड सब्स्टिट्यूशन (शब्दसमूहासाठी एक शब्द), इडियम्स (वाक्प्रचार), स्पेलिंग, समानार्थी. झोपेत चालणाऱ्याला काय म्हणतात ते कुठल्या अग्रलेखात येणारे सांगा. तिथे जुने पेपर लागतात, तेच तेच शब्द फिरून फिरून येतात आणि ते पाठच करावे लागतात, त्याला पर्याय नाही. म्हणजे याद्या बंद करा हेही चूक आणि अग्रलेख वाचा हेही चूक.

आणि यूपीएससीवाल्यांनी तर यावर जीव टाकूच नये. कम्पल्सरी इंग्रजी ३०० मार्कांचा, पण नुसता पास व्हायचा, २५ टक्के म्हणजे ७५. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक केलीये तिथेही तसंच, मराठी ३०० इंग्रजी ३००, दोन्हीत २५ टक्के हवेत. मेरिटला एक मार्क धरत नाहीत.

निफाडची लेक
पंचवटी, नुसता पास व्हायचा हे बोलायला सोपंय. त्यात नापास झालं तर बाकीचे पेपर तपासून मार्कच धरत नाहीत, सगळं वर्ष पाण्यात. आणि त्या पेपरात निबंध लिहायचा असतो, उताऱ्याचा सारांश करायचा असतो. ग्रामीण भागातून मराठी माध्यमातून आलेल्या पोराला ७५ ची भीती काय असते ते आमच्या अभ्यासिकेत येऊन बघा. एसएससीचं मात्र मान्य, त्या परीक्षेचं मला माहीत नव्हतं.

जुना सावानाकर
इंग्रजी शिकवण्यात उभी हयात गेली. निफाडच्या मुलीचं म्हणणं मला पटलं. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० पासूनचं, मी तिथल्या टेबलावर बसून वर्षानुवर्षं पेपर वाचलेत. पेपर घरी नेता यायचा नाही, त्यामुळे लेख डोक्यात घेऊनच उठावं लागे. आता तुम्ही पेपर तरी कुठे वाचता? मोबाईलवर पीडीएफ येते, त्यात क्लासवाल्यांनी आधीच शब्द पिवळे करून दिलेले असतात. कुठला शब्द अडतो हे तुमचं तुम्हाला कळायला हवं ना, ते दुसऱ्याने ठरवून कसं चालेल? आणि शब्दकोश तर कुणाच्या टेबलावरच दिसत नाही.

बाळ, एक विचारतो. तो कांद्याचा लेख शुल्काच्या बाजूचा होता की विरोधातला? ते तू लिहिलं नाहीस, आणि अग्रलेख वाचणाऱ्याने ते पहिलं सांगायला हवं.

निफाडची लेक
सर, बाजूचा होता. सणासुदीच्या तोंडावर ग्राहकाला रिलीफ, भाव कूल होतील, असा सूर. 'टू कूल प्राइसेस' हे मी मराठीत लिहीत होते तेव्हा हात थांबला, सर. भाव थंड करणे. आमच्या चाळीत एप्रिलमधे भरलेला उन्हाळी कांदा होता, खालचे थर सडायला लागलेले, आई रोज निवडून टोपल्या बाहेर काढत होती. ज्याला तिकडे भाव थंड होणं म्हणतात त्याला आमच्याकडे वर्ष बुडणं म्हणतात. त्या दिवशी मला कळलं की शब्द कुणाच्या बाजूने उभा असतो. हे वीस शब्दांच्या यादीत नसतं.

गंगापूर रोड
दर वेळी हेच. भाव पडला की रस्त्यावर कांदा ओतायचा, चढला की ग्राहकाने गप्प बसायचं. शहरात पगारावर जगणाऱ्यांनी पण पोटं भरायचीत. सरकारने भाव आटोक्यात आणले तर त्यात वाईट काय? अग्रलेखाने बरोबरच लिहिलंय.

लासलगाव आडत
गंगापूर रोडवाले भाऊ, ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा बंदरावर निघालेल्या मालाचं काय झालं ते माहितीये का तुम्हाला? डिसेंबर २०२३ ला तर निर्यातच बंद केली, ती मे २०२४ ला उघडली, तीही टनाला किमान ५५० डॉलर भावाच्या अटीवर, वर शुल्क होतंच. पूर्ण शुल्क जायला एप्रिल २०२५ उजाडलं. या दीड वर्षात परदेशातलं गिऱ्हाईक दुसरीकडे माल घ्यायला लागलं, ते परत येतं का? किलोमागे तुमचे दहा रुपये वाचले असतील, इथे ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या माणसाचा उत्पादनखर्च निघाला नाही.

गंगापूर रोड
आणि मधे आडते व्यापारी किती खातात ते पण लिहा की. लिलाव शेतकऱ्याने बंद केले नव्हते, व्यापाऱ्यांनी केले होते.

लासलगाव आडत
व्यापारी माल घेऊन ठेवेल कशाला, जेव्हा उद्या काय नियम लागणार हेच माहीत नाही? तुम्ही कधी लिलावाला उभे राहिलाय का? न बघता बोलू नका.

निफाडची लेक
दादा, लिलाव बंद होते तेव्हा आमचा कांदा चाळीतच सडत होता, ते तुमच्या बंदनेही झालं. शुल्कावर तुमचं बरोबर आहे पण व्यापाऱ्याचं दुःख आणि आमचं दुःख एकच असं म्हणू नका. माझे वडील गोल्टीसुद्धा, म्हणजे बारीक कांदाही, विकायला घेऊन गेले आणि परत आणली.

सिडको बँकवाला
विषय इंग्रजीचा होता, कांद्यावर गेला. ताई, एक मात्र कबूल करतो. वीस शब्दांची वही मीही दुसऱ्या महिन्यातच सोडलेली. आणि चीनवरचे अग्रलेख मला खरे समजले का, तर नाही, वेग आला, समज नाही आली. आरबीआयचे समजायचे, कारण घरचं कर्ज होतं, रेपो रेट वाढला की हप्ता वाढतो हे पोटात दुखून माहीत होतं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण वेग लागतोच, ते मी सोडणार नाही.

पंचवटी एसएससी
मग दोन्ही करा, पण परीक्षा बघून करा, मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

जुना सावानाकर
भांडण पुरे. बाळ, तू तो लेख मराठीत केलास म्हणालीस. त्यात 'फार्म गेट प्राइस' आलं असणारच, ते काय केलंस? माझे विद्यार्थी शेताच्या फाटकाचा भाव लिहायचे.

निफाडची लेक
आलं होतं सर. पहिल्यांदा मी 'शेतातला भाव' लिहिलं, मग खोडून 'बांधावरचा भाव' केलं. शेतकऱ्याच्या हातात जागेवर जे पडतं ते, वाहतूक हमाली धरायच्या आधीचं.

लासलगाव आडत
बांधावर कोण विकतं ताई? व्यापारी गाडी घेऊन चाळीवर येतो, तिथेच माल बघतो, तिथेच भाव ठरतो. आपल्याकडे त्याला शिवार खरेदी म्हणतात. शिवार खरेदीचा भाव लिहा.

निफाडची लेक
हो, हे जास्त बरोबर आहे. वहीत बदलते.