विषय: नोकरी जातेय, बेकारी भत्ता घेतला तर ब्लू कार्डचं काय?

नमस्कार मंडळी,
दोन वर्षं या लिस्टवर नुसताच वाचतोय, पुरणपोळ्यांची ऑर्डर सोडली तर कधी काही लिहिलं नाही, आता वेळच तशी आलीये. चाकणहून थेट इकडे जर्मनीत श्टुटगार्टजवळ आलो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, अडीच वर्षं झाली, ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना) आहे. काल एचआरने बोलावलं, आमची अख्खी टीम बंद करतायत. हातात आउफहेबुंग्सफरत्राग (राजीखुशीने नोकरी संपवण्याचा करार) ठेवला, म्हणे अडीच महिन्यांचा पगार जादा देतो, शुक्रवारपर्यंत सही करा. बायको डिपेंडंट व्हिसावर, मुलगी चार वर्षांची, नुकती किटात (बालवाडीत) रमलीये. सही करू का? आणि भत्ता मागितला तर व्हिसाला धोका आहे का? पुण्याहून सासरे रोज फोन करून सांगतायत की परक्या मुलखात सरकारपुढे हात पसरू नका, रेकॉर्ड खराब होईल. तसंही घरीच बसायचं तर गणपतीला पाच आठवडे पुण्याला जाऊन यावं असं डोक्यात आहे.
– एसलिंगनवाला

---

अरे, सही अजिबात करू नकोस. शुक्रवारची घाई त्यांना आहे, तुला नाही.
आणि हात पसरणं कसलं आलंय त्यात? पगाराची स्लिप काढ, एव्ही (बेकारी विमा) म्हणून एक ओळ आहे बघ, दर महिन्याला १.३ टक्के तुझे कापलेत आणि तेवढेच कंपनीने घातलेत. एलआयसीचे हप्ते भरून क्लेम करायला लाजतो का कोणी? सासऱ्यांना असंच सांग.
माझी नोकरी २००९ च्या मंदीत गेली तेव्हा मलाही लाज वाटली होती, शेजारच्या आजीला कळू नये म्हणून सकाळी डबा घेऊन निघायचो आणि लायब्ररीत बसायचो. तीन आठवड्यांनी आर्बाइट्सआगेन्टूरमध्ये (सरकारी रोजगार कचेरीत) गेलो तर बाई म्हणाल्या, आज आलात तर पैसे आजपासून, मागचे नाहीत, वर उशीर केला म्हणून एक आठवडा कापला. आता ऑनलाइन झालंय, आजच नाव नोंदव की झालं काम. व्हिसावाल्यांना मात्र आपणहून काही कळवू नकोस, विचारतील तेव्हा बघू.
– ब्योब्लिंगनचे काका

---

काका, सहीचं आणि एलआयसीचं शंभर टक्के पटलं, पण शेवटच्या दोन वाक्यांवर कोणी जाऊ नका, म्हणून स्वयंपाक ठेवून लिहितेय. मी वकील नाही, गेल्या वर्षी आमच्याकडे हेच सगळं झालं, तेव्हाचे फॉर्म अजून डोळ्यांसमोर आहेत.

नाव दोनदा नोंदवायचं असतं. पहिलं आर्बाइट्सझूखेंड, म्हणजे मी काम शोधतोय, ते नोकरी संपायच्या तीन महिने आधी, आणि तेवढा वेळच नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत, हे फोनवर किंवा ऑनलाइन चालतं. दुसरं आर्बाइट्सलोज, मी बेकार आहे, ते फार तर बेकारीच्या पहिल्या दिवशी, स्वतः जाऊन किंवा रेसिडन्स कार्डाच्या ऑनलाइन पिनने. आमचं पहिलं केलेलं होतं आणि आम्ही निवांत, दुसरं राहिलंच, चार दिवसांचे पैसे गेले.

सहीचं कारणही नीट समजून घे. आउफहेबुंग्सफरत्राग म्हणजे कागदोपत्री तू स्वतः राजी होऊन निघालास, मग बारा आठवडे श्पेरत्साइट, म्हणजे भत्ता बंद, एक पैसा नाही, आणि एकूण मुदतही पाव भागाने कमी. तू दोन वर्षांहून जास्त हप्ते भरलेत म्हणजे तुला बारा महिने मिळायला हवेत, त्याचे नऊ होतील. मग त्यांच्या अडीच महिन्यांत तुला उरलं काय? काही केसमध्ये सही करूनही कट लागत नाही, पण ते कामगार कायद्याच्या वकिलाने कागद वाचून सांगावं, लिस्टवर नाही. त्यांनी रीतसर क्युंडिगुंग (नोकरीवरून काढल्याचं पत्र) दिलं तर ते कागदावर, पेनाच्या सहीचं लागतं, ईमेलवर आलेलं धरत नाहीत, आणि हातात पडल्यापासून कोर्टात जायला फक्त तीन आठवडे असतात.

पैसे किती, तर मूल आहे म्हणून नेट पगाराच्या साधारण ६७ टक्के, नाहीतर ६०. हातात ३,५०० युरो येत असतील तर २,३०० च्या आसपास धर. हेल्थ इन्शुरन्स तेच भरतात, माझी तर अर्धी झोप तिथेच परत आली.

आता व्हिसा. हा भत्ता हप्त्यांवरचा आहे म्हणून तो सरकारी मदतीत मोजत नाहीत, जॉबसेंटरकडून गरजूंना मिळते ती मदत वेगळी, तिकडे मात्र जपून. पण नोकरी संपल्याचं आउसलेंडरबेह्योर्डेला (व्हिसाच्या कचेरीला) दोन आठवड्यांत कळवणं कायद्याने आपल्यावर आहे, काका. कंपनीलाही कळवावं लागतं, म्हणजे लपवून लपणार आहे थोडंच? खरी गोम अशी की भत्ता बारा महिन्यांचा असला तरी कार्ड तेवढं थांबेलच असं नाही, युरोपच्या नियमात ब्लू कार्डला दोन वर्षं झाली असतील तर नोकरीशिवाय सहा महिने चालतं, नाहीतर तीन. तुझी अडीच झालीत म्हणजे सहा, हिशोब तो ठेव. घड्याळ नोकरी संपल्यावर सुरू होतं, नोटीस पिरियडमध्ये नाही, म्हणूनही घाईघाईने बाहेर पडू नकोस.

आणि बाळा, जर्मन भाषेची बी१ परीक्षा केलीयस का? ब्लू कार्डवर बी१ असेल तर २१ महिन्यांत पर्मनंट रेसिडन्स मिळतं, ए१ (सर्वात खालची पातळी) वर २७. तू दोन्ही ओलांडलीस आणि आम्हाला आत्ता सांगतोयस! आता अर्ज केलास तर नोकरी चालू आहे असं कंपनीचं पत्र मागतील, ते कुठून आणणार. बाकीचे जे मूग गिळून वाचताय त्यांनी निदान स्वतःची तारीख बघा.

गणपतीचं म्हणशील तर पाच आठवडे विसर. भत्ता चालू असताना न विचारता बाहेर गेलं की पैसे बंद, परवानगी घेऊन वर्षाला तीन आठवडे. गौरींपर्यंत जाऊन ये.
– लुडविग्सबुर्गची ताई

---

ताई, काका, दोघांचे खूप आभार. आज एचआरला सांगितलं की वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, तर चेहरा पडला आणि शुक्रवारचं लगेच पुढच्या महिन्याची पंधरा तारीख झालं. आर्बाइट्सझूखेंडचा फॉर्म भरला, पिनचं पाकीट कुठे ठेवलंय ते बायको शोधतेय. सासऱ्यांना एलआयसीचं सांगितलं, ते म्हणाले मग बोनस किती मिळणार. बी१ ची परीक्षा दिली नाहीये, ए१ चं सर्टिफिकेट आहे, आता कोणाला तोंड दाखवू. काका, शनिवारी मखराच्या कामाला येतोय, स्क्रू ड्रायव्हर घेऊन येऊ का?
– एसलिंगनवाला