मदत हवी आहे: दीड फुटाच्या खाऱ्या टाकीला स्वस्तातली लाईट कोणती लावू?

वाइंडिंगवाला, लातूर

नमस्कार मंडळी. लातुरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळले, गेल्या दिवाळीपासून खाऱ्या पाण्याचा नाद लागलाय. १५ लिटरच्या बादलीला अर्धा किलो मीठ कालवायला बसलो की आई सुरू होते. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तिथं चांगल्या पाण्यात मीठ घालणारा तूच रे बाबा. तिचंही चूक नाही.

टाकी ४५ बाय ४५, उंची ४० सेंटीमीटर. दगड-वाळू वजा जाता पाणी ६५ लिटरच्या आसपास. आत दोन क्लाउन मासे, पाच-सहा गोगलगायी, आणि मऊ प्रवाळांपैकी झोआचे तीन तुकडे, दोन मशरूम आणि एक लेदर. डेन्सिटी १.०२५ वर ठेवतो.

आता दुखणं सांगतो. वर लाईट म्हणून मांडववाल्याकडचा निळा फ्लड लावलाय, लग्नाच्या हॉलला भिंती निळ्या करायला वापरतात तो. सोबत पांढरा १० वॉटचा. आणले तेव्हा झोआ खडकाला चिकटून बसलेले, केशरी कडेचे, मधे पोपटी. चार महिन्यांत देठ इंचभर वाढलेत, सगळी तोंडं वर करून उभी. रंग विचाराल तर तळ्यातल्या शेवाळासारखा तपकिरी.

शेवटी फ्लड दुकानात नेऊन वॉटमीटरला लावला. अंगावर ५० वॉट छापलेलं आणि ओढतोय २३! मोटारीवर घोडे वाढवून लिहिणारे आम्ही रोज बघतो, पण निम्म्याहून कमी म्हणजे हद्द झाली.

बजेट ८ हजार. केसिल, एआय प्राइम यांची नावं मलाही ठाऊक आहेत, ती घ्यायची ऐपत नाही, तेव्हा कृपया सुचवू नका. डोक्यात तीन गोष्टी आहेत. असेच अजून दोन फ्लड लावावेत, किंवा ऑनलाइन मिळतो तो १६५ वॉट लिहिलेला काळा डबा घ्यावा, नाहीतर हीट सिंक आणून तीन-तीन वॉटचे एलईडी स्वतः बसवावेत. सोल्डरिंग माझ्या हातचा मळ आहे, पण कोणत्या रंगाचे किती लावायचे हे कळत नाही.

दुसरी काळजी उन्हाची. एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणी ३१ वर जातं. त्यात डोक्यावर अजून एक गरम डबा नको. आणि लाईट गेली तर लाईटीचं काय? (हसू नका, प्रश्न खरा आहे.) इन्व्हर्टरवर घ्यावी का?

कोरडवाहू

दोन फ्लड अजून लावा आणि मोकळे व्हा. आमच्याकडे सहा महिने चाललंय, काही मेलं नाही.

गोदाकाठ, नांदेड

मेलं नाही आणि वाढलं, यात फरक आहे हो कोरडवाहू भाऊ.

वाइंडिंगवाले दादा, आधी एक गोष्ट मोकळी करू. टाकीत फक्त मऊ प्रवाळ आहेत आणि तेच राहू द्या. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. कोणी दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी घेऊ नका. पण यात तुमचा फायदाही आहे. महागड्या लाईटींची जी हवा आहे ती बहुतेक काडीसारख्या फांद्यांच्या दगडी प्रवाळांसाठी, त्यांना २०० पारच्या (हे उजेडाचं माप, खाली सांगतो) वर लागतं. झोआ ६० ते १२० मध्ये खूश, मशरूम तर ३० ते ६० मध्ये सावलीतच बरे. म्हणजे आपल्याला जे पाळायचंच नाही त्याच्या लाईटीचे पैसे कशाला मोजायचे?

पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतो ते माप. भर दुपारचं ऊन २००० च्या आसपास असतं. प्रवाळाच्या अंगात बारीक शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न करतं आणि प्रवाळाला पोसतं. उजेड कमी पडला की हे शैवाल संख्येनं वाढतं, म्हणून तो तपकिरी रंग. देठ लांबलेत तेही त्याच भुकेनं.

वाइंडिंगवाला

हे पटलं. पण फोनमधल्या लक्सच्या ॲपनं मोजलं तर निळ्या फ्लडखाली आकडा एवढासा आणि पांढऱ्या १० वॉटखाली त्याच्या चौपट येतो. मग निळा काढूनच टाकू का?

गोदाकाठ, नांदेड

नको नको. लक्स माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा सगळ्यात जास्त दिसतो, निळा फार कमी. त्या शैवालाला मात्र निळाच गोड लागतो, ४२० ते ४६० मधला. पाण्यात तांबडा आधी विरतो, खोलवर निळा उरतो, त्याची सवय ती. फोनचा आकडा निळ्याला नेहमी गरीब दाखवणार.

निळाडबा, छत्रपती संभाजीनगर

काळा डबा घ्या, डोळे झाकून. माझ्याकडे तिसरं वर्ष. तीन-तीन वॉटचे ५५ एलईडी असतात म्हणून १६५ लिहितात. पूर्ण पेटवला तर ११० च्या आसपास ओढतो, आणि पूर्ण कधी पेटवायचाच नसतो. निळा ३५ टक्के, पांढरा १०. एवढ्यात ३०-३५ वॉट जातात. आठ तास धरले तर दिवसाला पाव युनिट.

वाइंडिंगवाला

थांबा. माझा फ्लड २३ ओढतो, तुमचा डबा ३०-३५. मग एवढा फरक कसला?

निळाडबा, छत्रपती संभाजीनगर

रात्री खोलीत टाकीमागची भिंत किती निळी दिसते सांगा बरं.

वाइंडिंगवाला

छतापर्यंत.

निळाडबा, छत्रपती संभाजीनगर

तेच. फ्लड बनवलाच आहे भिंत रंगवायला. त्याचा निम्मा उजेड तुमच्या भिंतीनं खाल्ला. डब्यात प्रत्येक एलईडीवर ९० अंशांचं भिंग असतं, उजेड पाण्यातच पडतो. तुमची टाकी चौकोनी आहे, एका डब्यात चारही कोपरे भागतात. दोन-तीन फूट लांब टाकी असती तर टोकं अंधारात राहिली असती.

पाण्याच्या वर ३० सेंटीमीटर टांगा. आणि हे लक्षात ठेवा, उपाशी माणसाला एकदम जेवण घालू नये. पहिले दोन आठवडे निळा २० टक्के, पांढरा जेमतेम पेटेल एवढाच. मग आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा. मी पहिल्याच दिवशी ६० वर ठेवला होता, मशरूम आठवड्यात बोराएवढे आकसले, झोआ पांढरे पडले.

अजून एक, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. डबा आल्या आल्या उघडून अर्थिंग बघा. माझ्या डब्यात अर्थिंगची तार पिनपर्यंत होती, बॉडीला जोडलेलीच नव्हती. मिठाच्या पाण्यावर लटकणारी वस्तू आहे ही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पाहिजेच.

गोदाकाठ, नांदेड

उन्हाचं सांगतो. लाईट दिवसाच लावली पाहिजे असा काही नियम नाही. मी मार्च ते जून संध्याकाळी ६ ते रात्री २ ठेवतो. प्रवाळाला वेळ रोज तीच लागते, घड्याळात किती वाजलेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाण्यावर तिरका एक छोटा पंखा सोडा, आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतं. पाणी उडेल, ते बिनमिठाच्या आरओनं भरा, मीठ मागेच राहतं.

इन्व्हर्टरवर लाईट घेऊ नका. दिवसभर अंधार राहिला तरी प्रवाळ टिकतो, पाणी हललं नाही तर मात्र मासे आधी जातात. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) घ्या.

कोरडवाहू

आरओ स्वयंपाकघरातला असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) बघा. त्याला चवीसाठी मूळ पाणी मिसळायचा स्क्रू असतो, बोअरचं पाणी त्यातून तसंच येतं. लाईट वाढवली की शेवाळ पहिलं तिथून सुटतं. (फ्लडचं माझं म्हणणं मागे घेतो. आमच्या घरीही छत निळंच दिसतं.)

वाइंडिंगवाला

महिन्यानं लिहितोय, माफी असावी. डबा आला. अर्थिंग खरंच बॉडीला नव्हतं, जोडलं. आरओचा स्क्रू पूर्ण बंद केला, टीडीएस ८५ वरून ९ वर आला. निळा आता ३० वर, पांढरा ८. जुने देठ आखडले नाहीत, पण बुडाशी नवीन आलेले चार झोआ खडकाला धरून बसलेत आणि त्यांच्या कडेला केशरी दिसतंय. मशरूम खडकाच्या आडोशाला सरकवले. डबा छताच्या हुकाला दुकानातल्या वाइंडिंगच्या तारेनं टांगलाय, १६ गेज, दुहेरी पीळ देऊन. दहा वर्षं हलणार नाही.

निळाडबा, छत्रपती संभाजीनगर

दादा, ती तार आत्ताच्या आत्ता काढा! तांबं आहे ते. मिठाचे शिंतोडे बसणार, पिळात इनॅमल जिथं खरवडलंय तिथं हिरवं धरणार आणि ते खाली टाकीतच ठिबकणार. गोगलगायी पहिल्या जातील, मग प्रवाळ. दुकानातून येऊन तसाच हात पाण्यात घालत असाल तर तेही बंद.

वाइंडिंगवाला

काढली. सध्या नायलॉनच्या दोरीवर आहे. आणि हो, हात तसाच घालत होतो.