पंचाहत्तरीचे जेवण: जैन नेम, संकष्टी, गव्हाचे पथ्य आणि डायलिसिस एकाच संध्याकाळी

उंबरठा_कोथरूड यांचा प्रश्न

येत्या मार्गशीर्षातल्या एका शनिवारी वडिलांची पंचाहत्तरी आम्ही घरीच करणार आहोत. चौदा माणसे आहेत. भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असूनही तारीख ठरवताना त्या दिवशी संकष्टी असल्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही, आणि आता निमंत्रणे गेलेली आहेत.

बाबांचे बँकेतले जुने सहकारी आणि त्यांच्या पत्नी जैन असून कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आत्याची संकष्टी आहे, म्हणजे ती चंद्रोदयानंतर जेवेल. नऊ वर्षांच्या भाचीला सिलिॲक आजार असल्यामुळे गहू पूर्ण बंद आहे. मामेभावाच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काकांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. शिवाय स्वतः बाबा पोळी नसेल तर जेवलोच नाही असे म्हणणारे आहेत.

मी काढलेली यादी अशी: मसालेभात, कढी, बटाट्याची सुकी भाजी, जैन पाहुण्यांसाठी वेगळी दुधीची भाजी, पोळ्या, भाचीसाठी ज्वारीच्या भाकऱ्या, आत्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणि शेवयांची खीर. काकांसाठी कमी सोडियमचे मीठ आणून ठेवले आहे. काल रात्री ही यादी पुन्हा वाचली तेव्हा प्रत्येक पदार्थ कोणा ना कोणाला चालत नाही असे दिसले. प्रत्येकासाठी वेगळा स्वयंपाक करणे एकटीला झेपणारे नाही. यातून मार्ग कसा काढावा?

शनिवारवाडी

इतका विचार कशाला करता? इडली, सांबार आणि चटणी ठेवावी. तांदूळ आणि उडीद यांत गहू नाही, कांदा-बटाटा वगळता येतो आणि लहान-थोर सगळे आवडीने खातात.

चाळणी_वेगळी

माझ्या मुलीला सिलिॲक असल्याला सहा वर्षे झाली, म्हणून आधी वरच्या सूचनेतला धोका सांगते. सांबार मसाल्यात हिंग असतो आणि बाजारात मिळणारा बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेला असतो. सुरुवातीच्या काळात आमच्या मुलीचे पोट वारंवार दुखत असे. घरात गहू येऊ दिला नव्हता, तरी कारण सापडत नव्हते, आणि शेवटी ते फोडणीच्या डब्यातल्या पिवळ्या हिंगात सापडले. तयार गोडा मसाल्यातही हिंग असतो. तेव्हा त्या दिवशी हिंग वगळून जिऱ्याची फोडणी द्यावी, किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग डबीवरचे घटक वाचून आणावा.

तुमच्या यादीतल्या शेवया तर बादच, पण मला अधिक काळजी ज्वारीच्या भाकरीची वाटते. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे सिलिॲकमध्ये बाधणारे गव्हातले प्रथिन, नसते हे खरे, परंतु गिरणीत तुमच्या ज्वारीच्या आधी त्याच जात्यातून कोणाचा तरी गहू गेलेला असतो आणि पहिले किलोभर पीठ त्याचा अंश घेऊनच बाहेर पडते. आपल्याकडे ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये असा नियम आहे, यावरून किती थोडे पीठ पुरते याचा अंदाज यावा. त्यामुळे एकतर तसा उल्लेख असलेले बंद पाकीट आणावे, किंवा तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळावेत. दळलेले पीठ रोजच्या चाळणीने मात्र चाळू नये. कणकेची चाळणी उजेडासमोर धरून पाहा, जाळीच्या कडेला पांढरी रेघ दिसेल, कितीही धुतली तरी. लाकडी पोळपाटाचेही तसेच. आम्ही चाळणी, पोळपाट आणि तवा हे तीन जिन्नस मुलीसाठी वेगळे ठेवले आहेत.

मिक्सरवरून आठवले. ज्या भांड्यात तुम्ही रोज दाण्याचा कूट करता, त्यात त्या मुलासाठी खोबरे वाटू नका. शेजारून भांडे मागून आणू नये, कारण त्यांच्याकडेही कूट होतच असणार. नवीन भांडे घ्यावे. आत्याची साबुदाण्याची खिचडी कूट घालून करणार असाल, तर तो पदार्थ त्या दिवशी स्वयंपाकघरात नसलेलाच बरा.

दुधी_तोंडली

मी जैन असल्यामुळे त्या बाजूने लिहितो. इडलीचे पीठ रात्रभर आंबवलेले असते आणि शिळे न खाण्याचा नेम काटेकोर पाळणाऱ्या घरांत ते चालत नाही. आमच्याकडे प्रत्येक घराचा नेम निराळा असतो, म्हणून त्या काकूंना एकदा फोन करून विचारावे हे उत्तम. विचारल्याचा राग कोणालाही येत नाही, उलट न विचारता ताटात आले घातलेले काही वाढले तर पंचाईत होते. विशेषतः चौविहार आहे की तिविहार, हे विचारा. तिविहारात सूर्यास्तानंतर पाणी चालते, पण चौविहार असेल तर पाणीसुद्धा घेणार नाहीत, त्यामुळे निरोपाचा चहा पुढे करू नये. ओले आले बहुतेक घरांत चालत नाही, सुंठ आणि हळद पूड चालते. शेंगदाणा जमिनीखाली येत असूनही आम्ही खातो, पण तुमच्या घरी तो तसाही असणार नाही.

कढीविषयी एक बारकावा आहे. द्विदल धान्य आणि न तापवलेले दही-ताक एकत्र येऊ देत नाहीत. बेसन कच्च्या ताकात कालवून मग उकळले तर ते चालत नाही, आधी ताक स्वतंत्रपणे चांगले तापवून मग त्यात बेसन लावावे लागते. याच कारणाने दह्याच्या कोशिंबिरीवर उडदाची डाळ घातलेली फोडणी देऊ नये. माझ्या मते कढी सोडून अमसुलाचे सार करावे. नारळाचे दूध, जिरे आणि हिरवी मिरची एवढेच लागते आणि लसणाशिवाय ते अपुरे वाटत नाही.

शिरवळचा_पाहुणा

माझ्या वडिलांचे डायलिसिस चार वर्षे चालू होते, म्हणून फक्त काकांपुरते लिहितो. ते कमी सोडियमचे मीठ कृपया वापरू नका. सोडियम कमी करण्यासाठी त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि ज्यांची मूत्रपिंडे काम करत नाहीत त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. साधेच मीठ घ्यावे आणि सगळ्यांचा स्वयंपाक अळणीकडे झुकणारा करून ताटात मीठ वाढावे. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी करण्याचा मोह जैन पाहुण्यांमुळे होईल, पण त्यातही पोटॅशियम भरपूर असते. दुधीच्या फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि मग भाजी करावी.

काकांना दिवसाला किती पाणी घ्यायचे हे ठरवून दिलेले असते आणि वरण, सार, ताक हे सगळे त्या मापात धरले जाते. माझे वडील लग्नाकार्यात आमटीची वाटी पालथी घालून ठेवत आणि प्रत्येक वाढपी ती आग्रहाने उलटी करीत असे. तेवढा आग्रह टाळावा, आणि काय वाढायचे ते काकूंना विचारून वाढावे.

उंबरठा_कोथरूड

सर्वांची ऋणी आहे. मिठाची पुडी दुकानात परत केली. दोन फोन केले. जैन काकूंचा चौविहार आहे आणि त्या काळात पुण्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. आत्या म्हणाली, "मला साबुदाणा नकोच, संकष्टी सोडताना मी भात, वरण आणि मोदकच खाते. तुला कोणी सांगितले की उपास सोडताना उपासाचे खातात?" पदार्थ कमी झाले, पण सहा आणि साडेआठ-नऊ या दोन वेळांचे काय करावे?

चाळणी_वेगळी

मग दोन पंगती कराव्यात, आपल्याकडे ती पद्धत काही नवी नाही. पहिली पंगत पाचला: जैन दांपत्य, तुमची भाची, तो मुलगा आणि काका. स्वच्छ भांड्यांतला, गव्हाचा कणही न शिवलेला स्वयंपाक आधी त्यांना मिळेल. मोकळा भात, मुगाचे वरण, खोबरे घातलेली दुधीची भाजी, काकडीची साधी कोशिंबीर, अमसुलाचे सार, तांदळाची भाकरी आणि उकडीचे मोदक. तांदळाचे पीठ, खोबरे, गूळ आणि वेलदोडा यांत गहू नाही, शेंगदाणा नाही, कंद नाही, आणि संकष्टीला तर मोदक हवेतच. दुधीच्या उकळलेल्या फोडींतून काकांची भाजी वेगळ्या भांड्यात, खोबरे न घालता काढावी. गूळ-खोबऱ्यामुळे मोदकाचे मात्र त्यांनी आपल्या आहारतज्ज्ञांना विचारावे.

दुसरी पंगत चंद्रोदयानंतर, तोच स्वयंपाक गरम करून. बाबांच्या पोळ्या त्या वेळी कोणा शेजारणीकडून लाटून आणाव्यात, आपल्या ओट्यावर नकोत, कारण कणीक भिजवताना पीठ उडते आणि भाची रात्री पुन्हा मोदक मागायला येणारच.

उंबरठा_कोथरूड

बाबांना दुसऱ्या पंगतीचे सांगितले. औक्षण पाचलाच, सर्वांसमोर होईल असे ठरले. पोळ्या समोरच्या जोशीकाकू करणार आहेत. मिक्सरचे नवीन भांडे आणि चाळणी आणली, मोदकाचे पीठ उद्या दळते.