तापमान दुप्पट, मग आकारमान दुप्पट का नाही?

प्रश्न: भाचीला अकरावीचा चार्ल्सचा नियम (दाब तोच असेल, तर वायूचं आकारमान तापमानाच्या प्रमाणात बदलतं) शिकवतेय. २७ अंश सेल्सिअसला वायू ३०० मिली. दाब तोच ठेवून ५४ अंश केलं, तर ती ६०० म्हणते. उत्तर ३२७ आहे. तिला कसं पटवू?

उत्तर: ताई, सेल्सिअसचं शून्य पाण्याच्या गोठण्यावरून ठरलंय, वायूला त्याचं काय! केल्विनमध्ये (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३; त्याचं शून्य उणे २७३ अंश सेल्सिअसला) मांडा: तापमान ३०० चं ३२७. वाढ फक्त ९ टक्के.

उत्तर: करूनच दाखवा. मोठ्या सिरिंजमध्ये (सुई नको) २७ अंशांची ३० मिली हवा घ्या, टोक पक्कं बंद करा, ७७ अंशांच्या पाण्यात बुडवा. दट्ट्या ३५ च्या आसपास जायला हवा. रबर अडकतं, म्हणून तो हलकेच फिरवत राहा.

प्रश्नकर्ती: आता भाची विचारतेय, मग उणे २७३ ला हवा नाहीशीच होईल?

उत्तर: छान प्रश्न! नाही. त्याआधीच हवा द्रवरूप होते. नायट्रोजन तर उणे १९६ लाच. तिथे हा नियम लागू नाही.