मदत हवी आहे: सासूबाई कायमच्या नागपूरला येताहेत, घरखर्च आणि कागदपत्रं कशी लावायची?

मनीषनगर_४४
सासूबाई (वय ७२) दिवाळीआधी वर्ध्याहून कायमच्या आमच्याकडे येताहेत. जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका, स्वतःची पेन्शन ४१ हजार. वर्ध्याचं घर बहुतेक भाड्यानं देऊ. इकडे आम्ही दोघं नोकरीवाले, मुलगी नववीत, दोन बेडरूमचा फ्लॅट आणि २६ हजारांचा हप्ता. आई म्हणतात, "अख्खी पेन्शन तुमच्याच खात्यात घ्या." नवरा म्हणतो, एक रुपया घ्यायचा नाही. मला दोन्ही पटत नाही. पुण्याच्या नणंदबाईंनाही पुढे शंका यायला नको.

त्यांचा वाटा कशावर ठरवावा? आधार, गॅस, पेन्शन यांतलं आधी काय करावं? आमच्या फ्लोटर विम्यात (सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच आरोग्य विमा) त्यांचं नाव घालू का?

हिशोबवही
ताई, एकूण खर्चाला चारनं भागू नका. हप्ता, मेंटेनन्स, घरपट्टी, इंटरनेट हे त्या आल्या नसत्या तरी तुम्ही भरतच होता. घर तुमच्या नावावर होणार आहे, त्याच्या हप्त्यात आईंचा पैसा घालूच नका. वाटण्यांच्या वेळी भांडण नेमकं त्यावरूनच होतं.

मोजायचं ते फक्त वाढलेलं. किराणा, दूध, भाजी, फळं, भांडेवालीचा वाढीव पगार आणि वीज. मागच्या तीन महिन्यांची सरासरी आताच काढून ठेवा, त्या आल्यावर पुन्हा तीन महिने बघा. जो फरक येईल तो त्यांचा वाटा. औषधं आणि तपासण्या त्यांनी स्वतःच्या खात्यातून कराव्या, त्या या रकमेत मिसळू नका.

वीज मात्र नागपुरात हिवाळ्याच्या बिलावरून ठरवता येत नाही. त्यांच्या खोलीत वेगळा कूलर लागणारच. २०० वॅटचा कूलर रोज १६ तास चालला तर ३.२ युनिट, म्हणजे महिन्याला ९६. तुमचं उन्हाळी बिल २८० युनिटचं असेल तर ते ३७६ वर जाईल. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. महाग दर ३०० च्या वरच्या ७६ युनिटांनाच लागतो, पूर्ण बिलाला नाही. एसी लावला तर तासाला साधारण १ ते १.५ युनिट धरा, मग गणित पारच बदलतं. उन्हाळ्याचा हा जादा खर्च बारा महिन्यांत पसरवा, म्हणजे मे महिन्यात आईंकडे जास्तीचे पैसे मागायची वेळ येणार नाही.

आणि भाऊंना सांगा, शून्य हा मोठेपणा वाटत असला तरी चाळीस वर्षं स्वतः कमावलेल्या बाईला तो पाहुणी करून टाकतो. ठरलेली रक्कम देणारं माणूस भाजी काय आणायची हेसुद्धा हक्कानं सांगतं.

रक्कम ठरली की पेन्शन खात्यातून घरखर्चाच्या वेगळ्या खात्यात स्थायी सूचना लावा, म्हणजे दरमहा पैसे आपोआप वळते होतात. पेन्शन जमा व्हायची तारीख मागेपुढे होते म्हणून १ ऐवजी १० तारीख ठेवा. शिल्लक नसली की सूचना परत जाते. बाकी पेन्शन त्यांच्याच नावावर राहू द्या. एटीएम कार्ड, पिन आणि ओटीपी येणारा मोबाइल त्यांच्याच हातात असावा.

सेतू_सिव्हिल_लाइन्स
कागदांचा क्रम चुकला की फेऱ्या वाढतात.

पहिलं, आधारला त्यांचा चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते पाहा. पुढचं सगळं ओटीपीवर चालतं.

दुसरं, आधारचा पत्ता. त्यांच्या नावानं नागपूरचं बिल नाही, म्हणून 'कुटुंबप्रमुख' पद्धतीनं बदला. मुलगा कुटुंबप्रमुख, आणि नातं दाखवणारा दोघांच्या नावाचा कागद. जुनी शिधापत्रिका चालते. मुलाचा पासपोर्टही चालतो, त्याच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं. तिथलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं नाव असेल तर अर्ज तिथंच अडकतो. असा कागदच नसेल तर मुलाचं ठरलेल्या नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र चालतं. अर्ज केल्यावर मुलानं माय आधार पोर्टलवर जाऊन ३० दिवसांत मंजुरी द्यायची असते. लोक हेच विसरतात, मग अर्ज बंद होतो आणि फीही जाते.

जुनी शिधापत्रिका नात्याचा पुरावा म्हणून लागू शकते, म्हणूनच वर्ध्याच्या शिधापत्रिकेतून नाव आधी कमी करू नका. आधारचं काम झालं की मग तिथलं नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि इथल्या पत्रिकेत चढवा. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ चा अर्ज.

पेन्शनचं खातं हलवायची गरज नाही, पैसे कुठूनही काढता येतात. पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, आणि त्या येताहेत नेमक्या त्याच सुमारास. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो, मात्र पेन्शन मंजूर करणारं आणि देणारं कार्यालय यादीतून बरोबर निवडावं लागतं. चुकीचं निवडलं तरी प्रमाणपत्र तयार होतं, जातं मात्र भलतीकडे, आणि पेन्शन थांबल्यावरच कळतं. हयातीसाठी बँकेतल्या पेन्शनरांच्या यादीवर सही लागते का हेही वर्ध्याच्या शाखेत विचारून घ्या. यंदा तिथं जाऊन सही केलेली बरी. पाऊणशे किलोमीटरचाच प्रवास आहे, एसटीत महिलांना अर्धं तिकीट.

गॅस: वर्ध्याची जोडणी भाडेकरूला वापरायला देऊ नका. सिलिंडर, रेग्युलेटर आणि एसव्हीचा कागद (जोडणी घेताना मिळालेली अनामतीची पावती) एजन्सीत जमा करा, अनामत परत मिळते.

मनीषनगर_४४
खूप उपयोगी. आता एक नवीनच. आई म्हणतात, "माझ्या सुनेच्या नावावर ५ लाखांची एफडी करते."

करसल्ला_धंतोली
ती नको. सासूनं सुनेला दिलेल्या पैशांवरचं व्याज कायद्यानं सासूच्याच उत्पन्नात धरलं जातं, म्हणजे कर वाचत नाही. भेट म्हणून रक्कम करमुक्त आहे, त्यावरचं व्याज नाही. एफडी त्यांच्या नावावर ठेवा. ज्येष्ठांचा जादा दर मिळतो, आणि वर्षाला एका बँकेतलं व्याज १ लाखापर्यंत असेल तर टीडीएस (बँक आधीच कापते तो कर) कापत नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. मुलगा आणि मुलगी दोघांची नावं घाला, नणंदबाईंचा प्रश्न बराचसा तिथंच सुटेल. तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, मृत्युपत्र हवंच. वर्ध्याच्या घराचं भाडंही त्यांच्याच खात्यात घ्या आणि त्यांच्याच विवरणपत्रात दाखवा. भाड्यातून नगरपालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते.

विमा: फ्लोटरमध्ये घालू नका. हप्ता सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो, आणि एका गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये तुम्हा तिघांचं संरक्षणही संपतं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते आधारवर निघतं, पहिल्यांदा ते काढा. जवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे ते आताच बघून ठेवा, सगळी खासगी नसतात. त्यावर त्यांची स्वतंत्र पॉलिसी घ्या. बीपी, शुगर लपवू नका. आधीच्या आजारांना विमा लागू होईपर्यंतची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं असते, पण लपवलेल्या आजाराचा दावा त्यानंतरही अडतो. जुन्या करप्रणालीत असाल तर हप्ता मुलानं स्वतःच्या खात्यातून भरावा, ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. तुम्ही भरलात तर मिळणार नाही, सासू-सासरे त्यात येत नाहीत. रोख भरला तर कोणालाच नाही.