माळ्यावर बिबट्याचं कातडं सापडलंय, काय करू?

मृण्मयी_वाडा:
वाडा विकायचा ठरलाय म्हणून माळ्यावरच्या ट्रंका उपसतेय. एकीत बिबट्याचं कातडं निघालं. डोक्यासकट, डोळ्यांत काचेचे मणी, खाली हिरव्या बनातीचं अस्तर, कडा कसरीनं खाल्लेल्या. आजोबांकडे शिकारीचा परवाना होता. कातडं 1960च्या आसपासचं असावं, असं आत्या सांगते. बाबा दीड वर्षापूर्वी गेले. भाऊ म्हणतो, जाळून मोकळी हो. ओळखीचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घ्यायला तयार आहे. मला दोन्ही पटत नाही.

सह्यकडा:
1972च्या आधीचं असेल तर कायदा लागू होत नाही. खुशाल भिंतीवर लावा.

माजी_रेंजर:
ताई, वरचं ऐकू नका. माझी सगळी नोकरी वनखात्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

शिकार कायद्याआधीची असली तरी कातडं आज तुमच्या घरात आहे आणि प्रश्न बाळगण्याचा आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं जुन्या वस्तू जाहीर करायला 30 दिवस दिले होते. 2003 साली पुन्हा 180 दिवसांची मुदत मिळाली. ज्यांनी रीतसर जाहीर केलं, त्यांना चौकशीनंतर मालकी प्रमाणपत्र मिळालं. ते आधी शोधा. ट्रंकेचा तळ, अस्तराची आतली बाजू, जमिनीच्या कागदांच्या फायली, सगळं बघा. शिकारीचा परवाना म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे.

विकायचा विचार मनातून काढाच. प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही, वारसानं मात्र येऊ शकतं. वारसालाही 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. तुमची मुदत उलटलीय, तर उशिराचं कारण देऊन अर्ज करा. ठेवायचं नसेल तर प्रमाणपत्रासह खात्याकडे जमा करता येतं. 2022च्या दुरुस्तीत तशी तरतूद आहे. मोबदला मिळत नाही.

कागदच नसेल तर वकिलाला सोबत घेऊन स्वतःहून लेखी कळवा. बिबट्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत येतो. शिक्षा 3 ते 7 वर्षं आणि किमान 25 हजार दंड. जाळलंत तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका येईल, तेव्हा तेही नको.

इतकं कडक कशासाठी, असं वाटेल. एका छाप्यात आरोपी ठासून सांगत होता, साहेब, आजोबांचं आहे. कातडं उलटं केलं तर चरबीचा वास मारत होता आणि गळ्याशी क्लचवायरच्या फाशाचा वण होता. जुन्या कातड्यांना बाजार मोकळा सोडला तर उद्या मारलेल्या प्रत्येक बिबट्याला एक आजोबा मिळेल. म्हणूनच ताब्यात माल सापडला की तो कायदेशीर आहे हे बाळगणाऱ्यानं सिद्ध करायचं असतं. मला हे कलम फार मोलाचं वाटतं.

पल्लवी_क:
आमच्याकडे बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख आहे, पणजीचं. त्यालाही हेच? आणि देवघरातली मोरपिसं?

माजी_रेंजर:
वाघनखाला हेच. बाजारातली बरीचशी नकली असतात, पण खरं-खोटं डोळ्यांनी ठरवू नका; ते काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या प्रयोगशाळेचं. तोवर बाळाच्या गळ्यातून काढून ठेवा. मोराच्या गळलेल्या शेपटीच्या पिसांना कायद्यात सूट आहे, ती राहू द्या. परदेशी मात्र नेऊ नका.

मृण्मयी_वाडा:
अस्तराची शिवण उसवून बघितली, आत काही नाही. आत्याकडे आजोबांच्या फायलींची एक पेटी आहे, रविवारी जाऊन बघते. व्यापाऱ्याला नाही कळवलं.