आपल्या माणसांसोबतची मजा: तुमच्याकडे काय करता?

वाढदिवस म्हटला की हॉटेल, केक, फोटो हे ठरूनच गेलंय. मला मात्र मनापासून वाटतं, जवळच्या माणसांची खरी मजा सगळे मिळून काहीतरी करतात तेव्हा येते. कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. तुमच्या घरात, गल्लीत, मित्रमंडळात असं काय होतं? नुसतं 'धमाल आली' नको. कसं करता तेही लिहा, म्हणजे इतरांना करून बघता येईल.

* * *

आमच्या रायगडात थंडी पडून वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. शाळेतले मित्र मुंबई, पुणे, मस्कत असे पांगलेत, पण जानेवारीतला एक शनिवार सगळे गावच्या शेतावर. बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणायचं काम पोरांचं. मडक्याच्या तळाशी पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन, जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तोंडाशी पाला गच्च दाबून मडकं उलटं ठेवायचं, भोवती गवत-काटक्या रचून पेटवायचं. साधारण अर्धा तास लागतो. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र आवाज यायला हवा. झाली की नाही यावर दरवर्षी वाद होतो आणि निकाल एका मित्राची आई देते.

मला सगळ्यात प्रिय तो अर्धा तास. जाळाकडे बघत बसलेले असतो, कुणाला कुठे जायची घाई नसते, आणि मग माणसं बोलतात. एकाने नोकरी गेल्याचं घरी सांगायच्या आधी आम्हाला तिथे सांगितलं. त्या रात्री कुणी लवकर उठलं नाही.

* * *

कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, आमच्याकडे त्याला आश्विनी म्हणतात. मी थोरली. आई गेली आणि ते बंद पडलं. बोलता बोलता हे शेजारच्या मैत्रिणीला कळलं, तर त्या रात्री तिने गच्चीवर तिच्या लेकाशेजारी मलाही पाटावर बसवलं. पन्नाशी उलटल्यावर कुणी ओवाळलं की काय वाटतं, ते लिहिता येत नाही. आता इमारतीतले सगळे थोरले ओळीने बसतात, सत्तरीचे काका आणि बालवाडीतली चिमुरडी शेजारी शेजारी. ओवाळायचं धाकट्यांनी. मसाला दूध खालीच आटवून वर नेतो, ढवळायची पाळी प्रत्येकाला.

* * *

सोलापूरकडचा हुरडा! आगटीत भाजलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळायचं, पहिली मूठ शेजारच्याला. शेंगदाण्याची चटणी असली की झालं.

* * *

आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी वेगवेगळ्या गावी असतो. प्रत्येकीने वेगळा दिवाळी अंक घ्यायचा, वाचताना समासात पेन्सिलीने मनात येईल ते लिहायचं आणि टपालाने पुढचीला पाठवायचा. एकीने नावं ठेवलेल्या कथेची बाजू दुसरी घेते, तिसरी दोघींना उत्तर देते. अंक फिरून घरी येईपर्यंत उन्हाळा लागतो. व्हॉट्सॲपवर रोज बोलतोच, पण तिथलं वर सरकलेलं परत कोण वाचतं? हे अंक मी आजारपणात काढून वाचलेत.

* * *

मी जर्मनीत, बहीण आणि आत्या नाशकात. नवरात्रात साडेतीन तासांचा फरक सांभाळून व्हिडिओ कॉलवर भोंडला करतो. पाटावरचा हत्ती भाची काढते. खिरापत ओळखायला डबा फोनजवळ हलवून दाखवायचा. चिवडा, शंकरपाळे लगेच ओळखू येतात, म्हणून आत्या मुद्दाम वाटली डाळ करते. तिचा आवाजच येत नाही!

* * *

पोपटीत शाकाहारी लोकांचं काय करता?

* * *

त्यांचं मडकं वेगळं. शेंगा, बटाटे, रताळी, कांदे. आमच्यातले निम्मे मांसाहारी आधी त्याच मडक्याभोवती गोळा होतात. जानेवारीत तुम्हीही या.